हृदयरुग्णाच्या रक्त रिपोर्टमधले ठळक आकडे : कुठला धोक्याचा, कुठला औषधाचा, कुठला नुसता सुईचा

बेळगाव : रक्ताचा रिपोर्ट आता मोबाइलवर येतो. डॉक्टरांच्या आधी तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतो. पुण्यातला भाचा बघतो, वास्कोतली मावशी बघते, आणि एखादा आकडा ठळक छापलेला किंवा बाजूला 'एच' नाहीतर 'एल' दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग ही गोळी बंद करायची काय?" स्टेंट बसवलेल्या, झडप बदललेल्या किंवा हृदयाची ताकद कमी झालेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न महागात पडू शकतो. गोळी बंद केल्याने स्टेंटमध्ये किंवा झडपेवर गुठळी होऊन माणूस दवाखान्यात पोचल्याच्या गोष्टी आपल्या भागात नवीन नाहीत. म्हणून हृदयरुग्णाच्या फाइलमध्ये नेहमी येणाऱ्या तपासण्या आणि त्यातले आकडे कसे वाचायचे, याची ही एकत्र माहिती. डोस ठरवायचं काम डॉक्टरांचंच. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

'नॉर्मल' कुणाचं?

रिपोर्टच्या उजव्या बाजूला जी मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांच्या रक्तावरून काढलेली असते. शंभर निरोगी माणसं घेतली तर मधल्या ९५ जणांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा म्हणजे 'नॉर्मल'. उरलेले पाच जणही निरोगीच असतात, पण त्यांच्या आकड्यापुढे खूण येते. आता पॅकेजमध्ये २० तपासण्या असतील तर? ०.९५ चा विसावा घात काढला की ०.३६ येतो. म्हणजे धडधाकट माणसाच्या २० तपासण्यांत एखादा तरी आकडा बाहेर पडण्याची शक्यता साधारण ६४ टक्के. तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल. तरी मुद्दा कळला असेल. पॅकेज जेवढं मोठं, तेवढ्या खुणा जास्त. 'फुल बॉडी चेकअप फक्त अमुक रुपयांत' असं ज्यावर लिहिलेलं असतं त्या पॅकेजची गंमत हीच आहे.

हृदयरुग्णाचा प्रश्न याच्या पुढचा. तो निरोगी माणसांच्या गटात बसतच नाही. काही आकडे त्याच्यासाठी मुद्दाम बाहेर ठेवलेले असतात, आणि काही आकडे रिपोर्टच्या हिशेबाने आत असूनही त्याच्यासाठी वाईट असतात. या दोन्हींची उदाहरणं घेऊ.

आयएनआर : इथे 'एच' पाहिजेच

संधिवाताच्या तापाने लहानपणी झडप खराब झालेले रुग्ण आपल्याकडे अजून बरेच दिसतात. त्यातल्या अनेकांना धातूची कृत्रिम झडप बसवलेली असते आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम ही गोळी जन्मभर चालू असते. या गोळीचा परिणाम मोजणारी तपासणी म्हणजे पीटी-आयएनआर.

गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर एकच्या आसपास असतो. लॅब तीच मर्यादा छापते, ०.८ ते १.२. रुग्णाचा आकडा येतो २.८, आणि कॉम्प्युटर त्याच्यापुढे 'एच' मारतो. घरचे घाबरतात. खरं तर मायट्रल जागी धातूची झडप असेल तर साधारण २.५ ते ३.५, आणि महाधमनीच्या जागी असेल तर बहुधा २ ते ३ हेच लक्ष्य असतं. एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजारातही २ ते ३. म्हणजे या रुग्णाचा आयएनआर १.१ आला, रिपोर्टवर एकही खूण नाही, तर तो रिपोर्ट सगळ्यात काळजीचा. झडपेवर गुठळी धरण्याचा धोका तिथे आहे. तुमचं लक्ष्य किती, ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून पेनाने लिहून घ्या.

वरच्या बाजूला आकडा पाचच्या पुढे गेला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. हिरड्यातून रक्त, काळी शी, लघवीत रक्त किंवा डोक्याला मार, यातलं काही असेल तर आकड्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आकडा वरखाली होण्याची कारणं बऱ्याचदा घरातच सापडतात. सर्दी-तापासाठी घेतलेलं अँटिबायोटिक, गुडघेदुखीची पेनकिलर, मेडिकलमधून आणलेलं आयुर्वेदिक चूर्ण, दारू. पालेभाजीतल्या 'के' जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो, हे खरं आहे. म्हणून कुणी पालक-मेथी कायमची सोडतं, आणि मग श्रावणात किंवा हिवाळ्यात एकदम सुरू करतं. त्यापेक्षा रोजचं प्रमाण सारखं ठेवलं की डोस त्या प्रमाणावर बसवता येतो. अलीकडच्या डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्झाबान, अपिक्साबान या गोळ्यांचा परिणाम आयएनआरवर मोजत नाहीत, आणि धातूच्या झडपेवाल्यांना त्या चालत नाहीत. शेजाऱ्याची 'तपासणी न लागणारी गोळी' चांगली वाटली म्हणून बदलून मागू नका. झडप बदललेल्या तरुण मुलींच्या घरी आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते, त्यामुळे मूल हवं असेल तर दिवस जायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलणं गरजेचं आहे.

खूण नाही, तरीही जास्त

कोलेस्टेरॉलचं उलटं आहे. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. लॅबच्या कागदावर १०० पर्यंत उत्तम, १३० पर्यंत ठीक असं छापलेलं असतं. एखाद्याचा आकडा ९२ आला, खूण नाही, घरात समाधान. पण ज्याला एकदा हार्ट अटॅक येऊन गेला, स्टेंट पडला किंवा बायपास झाली, त्याच्यासाठी लक्ष्य ७० च्या खाली, आणि युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५५ च्याही खाली आहे. भारतातल्या लिपिड तज्ज्ञांच्या संघटनेने अति जोखमीच्या रुग्णांसाठी ५० च्या खालचा आकडा सुचवला आहे. आपल्या लोकांना हृदयविकार लवकर वयात गाठतो, म्हणून.

ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन घेऊन एलडीएल ५२ वर आला की दुसरी चूक होते, "आता नॉर्मल झालं, गोळी कशाला?" नॉर्मल झालं ते गोळीमुळे. बंद केली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी येतो.

बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. एकूण १६०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १८० असेल तर १६० वजा ३८ वजा ३६, उत्तर ८६. कागद-पेन घेऊन ताळा करून बघा, बहुतेक वेळा जुळतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हा हिशेब लागू पडत नाही आणि एलडीएल थेट मोजून घ्यावा लागतो. लग्नाचं जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी दिलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड फुगलेलं दिसतं, तेही लक्षात असू द्या.

पोटॅशियम : सगळ्यात आधी बघायचा आकडा

घरच्यांनी रिपोर्टमधला एकच आकडा आधी बघायचा ठरवला तर तो पोटॅशियमचा असावा. मर्यादा साधारण ३.५ ते ५.०. हृदयाच्या ठोक्यांची वीज या क्षारावर चालते. तो फार वाढला किंवा फार घटला तर ठोका बिघडतो, आणि माणसाला आधी काही जाणवेलच असं नाही.

हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेल्या रुग्णाला ज्या गोळ्या आयुष्य वाढवतात, त्यातल्या बऱ्याच पोटॅशियम वाढवतात. रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची जोडगोळी, आणि स्पायरोनोलॅक्टोन म्हणजे अल्डॅक्टोन. याउलट फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, ज्यांना आपण लघवीची गोळी म्हणतो, त्या पोटॅशियम कमी करतात. रुग्ण दोन्ही प्रकार एकदम घेत असतो. म्हणून तर डॉक्टर अल्डॅक्टोन सुरू केल्यावर साधारण आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने रक्त तपासायला सांगतात. "बरं वाटतंय, आता कशाला सुई" म्हणून ही तपासणी चुकवली जाते. हीच चुकवू नये.

आता गोळ्यांच्या पलीकडची कारणं. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं. बीपीवाल्यांसाठी चांगलं म्हणून मुलं शहरातून घेऊन येतात. त्यात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. साध्या बीपीच्या रुग्णाला ते फायद्याचं असेल, पण रामिप्रिल आणि अल्डॅक्टोन दोन्ही चालू असलेल्या, किडनी कमजोर असलेल्या माणसाला ते धोक्याचं आहे. तसंच शहाळ्याचं. शंभर मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. गोव्यात आणि खाली कारवारकडे आजारी माणसाला भेटायला जाताना दोन-चार शहाळी नेण्याची पद्धत आहे. प्रेमाने नेलेली असतात, पण हृदय आणि किडनी दोन्हीचा त्रास असलेल्या रुग्णाने ती रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारलं पाहिजे. पेनकिलरही यात येतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्यांनी किडनीवर ताण येतो, अंगात पाणी धरतं आणि पोटॅशियम वाढतं.

आणि आता सुईची बाजू. पोटॅशियम हा क्षार रक्तपेशींच्या आत भरपूर असतो, बाहेर थोडा. रक्त काढताना पेशी फुटल्या तर आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. बारीक शिरेतून जोराने ओढलेलं रक्त, दंडाला रबरी पट्टा फार वेळ आवळून ठेवणं, "मूठ उघडा-मिटा" असं दहादा करायला लावणं, आणि मुख्य म्हणजे उशीर, ही त्याची नेहमीची कारणं. खेड्यातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी सातला काढलेलं रक्त पेशी वेगळ्या न करता मोटारसायकलच्या डिकीतून दुपारी शहरातल्या लॅबमध्ये पोचलं, तर पोटॅशियम वाढलेलं आणि साखर घटलेली दिसू शकते. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात 'हिमोलाइज्ड सॅम्पल' असं लिहिलेलं आहे का ते बघा. असेल तर तो आकडा धरायचा नाही, रक्त पुन्हा द्यायचं.

तरी खोटं असेल म्हणून घरी बसायचं नाही. ५.५ च्या पुढे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, ६ किंवा वर असेल तर ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच जायचं. रक्त तिथे पुन्हा तपासतील. खोटं निघालं तर एक फेरी वाया गेली एवढंच. खालच्या बाजूला ३ च्या आत गेलं, तर तेही तितकंच तातडीचं, विशेषतः डिगॉक्सिन चालू असेल तर, कारण पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिनचा विषारी परिणाम लवकर होतो.

जुलाब-उलट्यांचं वेगळं सांगायला हवं. अंगातलं पाणी गेलेलं असताना रामिप्रिल, अल्डॅक्टोन, लघवीची गोळी, डापाग्लिफ्लोझिन या सगळ्या तशाच चालू ठेवल्या तर किडनी आणि क्षार दोन्ही बिघडू शकतात. अशा दिवशी कुठली गोळी थांबवायची आणि कुठली नाही, हे बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं असावं. ऐन वेळी रात्री अकराला ते विचारायला कुणी भेटत नाही.

सोडियम कमी आलं म्हणून मीठ वाढवू नका

हृदय कमजोर असलेल्या रुग्णाचं सोडियम १३५ च्या खाली आलं की घरात लगेच ताटात मीठ वाढतं. बहुतेक वेळा अशा रुग्णाच्या अंगात मीठ कमी नसतं, पाणी जास्त झालेलं असतं. आमटी पातळ झाली की अळणी लागते, तसा हा प्रकार. मीठ वाढवलं तर पाणी आणखी धरतं, पाय सुजतात, रात्री आडवं झाल्यावर दम लागतो. पाणी दिवसाला किती प्यायचं ते डॉक्टर सांगतील. सोडियम १२५ च्या आसपास किंवा खाली, आणि माणूस बरळतोय, गुंगीत आहे, तर मात्र थेट दवाखाना. उन्हाळ्यात जास्त लघवीच्या गोळ्यांनी खरंच मीठ घटल्याच्याही केसेस असतात, पण दोन्हीतला फरक पाय, छाती आणि वजन तपासून कळतो, नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

क्रिएटिनिन आणि वयाचा हिशेब

किडनीचं काम मोजणारा हा आकडा. रामिप्रिलसारखी गोळी सुरू केल्यावर तो थोडा वाढतो. १.१ चा १.४ झाला तर ती २७ टक्के वाढ. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात, कारण गोळी किडनीच्या गाळणीवरचा दाब कमी करते आणि आकडा त्यामुळे सरकतो. पुढच्या तपासणीत तो तिथेच थांबला तर काळजी नाही, वाढतच गेला तर डोस बदलतात. "गोळीने किडनी खराब केली" असं म्हणून परस्पर बंद केली तर हृदय आणि किडनी दोन्हीचं नुकसान.

नुसत्या क्रिएटिनिनवर मात्र विसंबू नये. हा पदार्थ स्नायूंतून येतो. तीस वर्षांच्या कष्टकरी तरुणाचा १.२ आणि ७५ वर्षांच्या बारीक आजींचा १.२ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वय आणि स्त्री-पुरुष धरून काढलेला ईजीएफआर पाहिला तर तरुणाचा साधारण ८३ भरतो, आजींचा ४७. म्हणजे आजींची किडनी निम्म्याच्या आसपास काम करते आहे, आणि काही लॅबच्या रिपोर्टवर त्यांच्या आकड्यापुढे खूणही नसते. गोळ्यांचे डोस या ईजीएफआरवर ठरतात. रिपोर्टमध्ये छापलेला नसेल तर मागून घ्या.

ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात येतं. हार्ट अटॅकमध्ये ते वाढतं, पण एकाच आकड्यावर निदान होत नाही. काही तासांच्या अंतराने पुन्हा रक्त घेऊन आकडा चढतोय की जागेवर आहे ते बघतात. किडनीचा जुना आजार, हार्ट फेल्युअर, मोठा जंतुसंसर्ग यातही तो वाढलेला राहू शकतो. अटॅकनंतर आठवडा-दोन आठवडे तो वाढलेलाच असतो, त्यामुळे डिस्चार्जनंतर चार दिवसांनी कुणी हौसेने तपासून घेतला आणि जास्त आला तर त्याचा अर्थ नवा अटॅक असाच होत नाही.

इथे युनिटची एक मोठी गफलत होते. जुन्या पद्धतीत आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, नव्या संवेदनशील पद्धतीत नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये. ०.०४ आणि ४० हे एकच प्रमाण आहे. मागच्या वेळी शून्य पॉइंट शून्य चार होता, आता चाळीस झाला म्हणून हबकलेली मंडळी असतात. तपासणीची पद्धत वेगळी असेल तर मर्यादाही वेगळी, म्हणून दोन लॅबचे ट्रोपोनिन शेजारी ठेवून तुलना करू नये.

आणि छातीत दुखत असताना, घाम फुटलेला असताना, लॅबचा मुलगा घरी बोलावून ट्रोपोनिन काढून घेण्यात वेळ घालवू नये. पहिल्या तासांत ते नॉर्मल येऊ शकतं. १०८ ला फोन करायचा. हा नंबर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे चालतो, इंदूर, वडोदरा, हैदराबादलाही चालतो.

एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावर ताण किती आहे ते सांगणारी तपासणी. दम लागून ओपीडीत आलेल्या माणसाचा आकडा १२५ च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी धरतात. वय, किडनीचा आजार, अनियमित ठोके यांनी तो वाढतो, लठ्ठ माणसात कमी दिसतो. एखाद्याचा नेहमीचा आकडाच १,८०० असू शकतो आणि तो माणूस शेतावर फेरी मारून येत असतो. त्याचा ४,००० झाला तर ती बातमी. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन घेणाऱ्यांचं साधं बीएनपी औषधामुळेच वाढतं, त्यांनी एनटी-प्रोबीएनपी करून घ्यावं. नावं सारखी असल्याने लॅबच्या काउंटरवर एक सांगितलं जातं आणि दुसरं होतं. चिठ्ठी दाखवलेली बरी.

हिमोग्लोबिन आणि लोह

स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर अशा दोन गोळ्या चालू असतात. सहा महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन १३ होतं, आता १०.५ आहे, तर "वयाने होतं" म्हणून सोडू नये. पोटात हळूहळू रक्तस्राव होत असू शकतो. शी डांबरासारखी काळी होते का ते विचारा. म्हातारी माणसं लाजून सांगत नाहीत. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, त्यामुळे ती चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

हार्ट फेल्युअरमध्ये लोहाचं गणित निराळं आहे. लॅब फेरिटिनची खालची मर्यादा वीस-तीसच्या आसपास छापते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णात मात्र १०० च्या खाली असेल तर लोह कमी धरतात. १०० ते २९९ मध्ये असून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तरी कमीच. हिमोग्लोबिन ठीक असतानाही. अशा रुग्णात लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, शिरेतून द्यावं लागतं. खूण नसलेला आणि तरीही उपचार लागणारा आकडा म्हणून हा लक्षात ठेवण्यासारखा.

थोडक्यात उरकण्यासारखे

लघवीत साखर तीन प्लस, आणि रुग्णाला मधुमेहच नाही? डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे का बघा. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढूनच काम करते, आणि आता ती मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही देतात. रक्तातली साखर ठीक असेल तर लघवीतली साखर म्हणजे गोळी पोटात जातेय याची पावती.

युरिक ॲसिड लघवीच्या गोळ्यांनी वाढतं. अंगठा सुजला नसेल तर नुसत्या आकड्यासाठी घाई नसते. सुजला तर पेनकिलर परस्पर घेऊ नये, कारण वर आलंच आहे.

स्टॅटिनने एसजीपीटी थोडं वाढलं तर तीन पटीपर्यंत सहसा गोळी चालू ठेवतात. सीपीके वाढलं तर आधी आठवा, दोन दिवसांपूर्वी ऊसतोड, विहिरीचं काम, पडणं, दंडात इंजेक्शन असं काही झालं का? स्नायू खूप दुखतायत आणि लघवी चहाच्या रंगाची झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

ॲमिओडॅरोन ही ठोक्यांची गोळी आयोडीनयुक्त असते, त्यामुळे थायरॉइड दर सहा महिन्यांनी तपासावं लागतं. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांनी थायरॉइड आणि ट्रोपोनिन दोन्हींचे आकडे काही यंत्रांवर चुकीचे येतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. घरातल्या सुनेची गोळी सासूबाईंनीही सुरू केलेली असते, ती डॉक्टरांना सांगायची राहते.

डेंग्यूच्या दिवसांतल्या प्लेटलेट

पावसाळा संपत आला की हा प्रश्न दरवर्षी येतो. ताप, प्लेटलेट घटलेल्या, आणि रुग्णाला तीन महिन्यांपूर्वी स्टेंट बसवलेला. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू ठेवलं तर रक्तस्रावाची भीती, बंद केलं तर स्टेंट बुजण्याची. हा निर्णय घरी घेण्यासारखा अजिबात नाही, आणि तापाचं औषध देणाऱ्या जवळच्या डॉक्टरांनीही एकट्याने घेण्यासारखा नाही. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांशी त्याच दिवशी फोनवर बोलावं असा आग्रह धरा. स्टेंट किती जुना, प्लेटलेट किती आणि रोज किती घसरतायत, कुठे रक्त येतंय का, हे बघून ते ठरवतील. तोवर ताप उतरवायला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको. आकडा वाचताना युनिट बघा. 'प्लेटलेट ८५' म्हणजे पंच्याऐंशी हजार. काही लॅब ०.८५ लाख लिहितात. तिन्ही एकच.

तीन राज्यांतली एक फाइल

आपल्या भागातल्या रुग्णाची फाइल अशी असते की रक्त दिलं बेळगावात, अँजिओग्राफी मिरजेत नाहीतर कोल्हापुरात, ऑपरेशन बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये, आणि महिन्याच्या गोळ्या खानापूर-निपाणीच्या मेडिकलमधून. चंदगडचा माणूस तर राज्य ओलांडून बेळगावलाच जवळचा दवाखाना म्हणून येतो. सूचना कधी इंग्रजीत, कधी कन्नडमध्ये. प्रत्येक ठिकाणची लॅब वेगळी, यंत्र वेगळं, मर्यादा वेगळी. त्यामुळे एक आकडा पाहण्यापेक्षा ओळीने चार आकडे पाहणं महत्त्वाचं. खतावणीत जसं एका खात्याच्या सगळ्या नोंदी एका पानावर येतात, तसं एका वहीत तारीख, लॅबचं नाव, पोटॅशियम, सोडियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, एलडीएल, आणि लागू असेल तर आयएनआर असे रकाने पाडा. शेजारी त्या दिवशीचं वजन आणि नवी सुरू झालेली किंवा बदललेली गोळी. डॉक्टर जाड फाइल चाळत बसणार नाहीत, हे पान मात्र वाचतात. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा, एनएबीएल मान्यता असलेली मिळाली तर चांगलं. आयएनआर हे परिमाणच मुळात वेगवेगळ्या लॅबचे आकडे जुळावेत म्हणून काढलेलं आहे, त्यामुळे त्याची तुलना चालते. त्याच रिपोर्टवरचे पीटीचे सेकंद मात्र दोन लॅबमध्ये जुळत नाहीत.

परदेशातल्या मुलाला रिपोर्ट पाठवताना आणखी एक. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडात कोलेस्टेरॉल, साखर आणि क्रिएटिनिन वेगळ्या युनिटमध्ये मोजतात. आपल्या कोलेस्टेरॉलला ३८.७ ने भागलं की त्यांचा आकडा येतो, म्हणजे आपला ७० चा एलडीएल त्यांच्याकडे १.८. साखरेला १८ ने भागायचं. क्रिएटिनिनला उलट ८८.४ ने गुणायचं, आपला १.२ तिकडे १०६ होतो. सोडियम आणि पोटॅशियम दोन्हीकडे सारखंच असतं.